डिफेन्सिव्ह टॅकल पहिल्याच फेरीत का घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल उजाडला की अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टची, म्हणजे संघांनी नवे खेळाडू आळीपाळीनं निवडण्याची, चर्चा सुरू होते आणि माझ्या ओळखीतले चार-पाच हौशी मला तेच प्रश्न पुन्हा विचारतात. यंदा एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. माझं मत आधीच सांगतो: पहिल्या पंधरांत तुमची पाळी आली आणि समोर खरोखर हुकमी डिफेन्सिव्ह टॅकल उरलेला दिसला, तर बाकीची यादी बाजूला ठेवा आणि त्याला घ्या. ‘खरोखर हुकमी’ हे दोन शब्द मात्र विसरू नका. निम्मी भांडणं त्यांच्यावरूनच होतात.

हा कोणता फुटबॉल? मेस्सीवाला?

नाही, हातानं खेळतात तो. दोन्ही बाजूंनी ११-११ खेळाडू, १०० यार्ड लांब मैदान, आणि चार प्रयत्नांत १० यार्ड पुढं सरकायचं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्यांकडं. या प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात. व्यावसायिक लीग म्हणजे एनएफएल, त्यात ३२ संघ. पुढचं कळायला एवढं पुरे.

डिफेन्सिव्ह टॅकल म्हणजे नेमका कोण?

नावातच घोळ आहे. टॅकल करणं म्हणजे चेंडूवाल्याला पकडून पाडणं. पण आक्रमण करणाऱ्या संघात जे दोन ‘टॅकल’ असतात ते कुणालाच पाडत नाहीत, ते अडवतात. आपण बोलतोय ते बचाव करणाऱ्या संघातल्या टॅकलबद्दल.

आक्रमक संघाची पाच जणांची भिंत डोळ्यासमोर आणा. मधोमध सेंटर, जो चेंडू आपल्या पायांमधून मागे देतो. यालाच स्नॅप म्हणतात. त्याच्या डाव्या-उजव्या हाताला गार्ड आणि दोन्ही टोकांना टॅकल. भिंतीच्या मागे क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, संघाचा मेंदू. डिफेन्सिव्ह टॅकल या भिंतीच्या बरोब्बर मधल्या भागासमोर उभा असतो. वजन साधारण १३० ते १५५ किलो. टोकाकडून येणारे चपळ गडी वेगळे, त्यांना एज रशर म्हणतात.

टॅकलचेही ढोबळमानानं दोन प्रकार. सेंटरच्या तोंडासमोर खांबासारखा रोवलेला तो नोज टॅकल. गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर उभा राहून फटीतून आत घुसणारा तो थ्री-टेक्निक. लवकर घेण्याबद्दलचा सगळा वाद मुख्यतः या दुसऱ्याबद्दल असतो. पहिल्या प्रकारातलाही कुणी घुसणारा निघाला तर सोन्याहून पिवळं.

ड्राफ्ट कसा चालतो, आणि ‘लवकर’ म्हणजे कितवा?

महाविद्यालयातून बाहेर पडणारे खेळाडू संघांनी आळीपाळीनं निवडायचे. सात फेऱ्या. मागच्या हंगामात जो सगळ्यात वाईट खेळला त्याचा पहिला नंबर, विजेता शेवटी. पाळ्या आपसांत बदलता येतात. ‘लवकर’ म्हणजे माझ्या लेखी पहिल्या फेरीचा पहिला अर्धा भाग.

मधून येणारा दबाव एवढा महत्त्वाचा का? टोकाकडून आला काय नि मधून आला काय, दबाव तो दबाव!

इथंच सगळं आहे, म्हणून जरा निवांत सांगतो.

स्नॅप झाला की क्वार्टरबॅक काही पावलं मागे जातो. त्याच्याभोवती भिंतीची जी वाटी तयार होते तिला पॉकेट म्हणतात. एज रशर टोकावरून निघतो, त्याला समोरच्या टॅकलला वळसा घालून कमानीसारखं पळत यावं लागतं. चांगल्या क्वार्टरबॅकला हे पाठ असतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून तो बाहेरचा माणूस आलेला पाहतो आणि दोन पावलं पुढं सरकतो. रशर पाठीमागून वाऱ्यासारखा निघून जातो आणि चेंडू सुटतो. म्हणजे टोकाच्या दबावाला एक ठरलेली पळवाट आहे: पुढं सरकणं.

मधून येणारा माणूस नेमकी तीच जागा खातो. त्याला वळसा नाही, कमान नाही, नाकासमोरची सरळ रेघ. क्वार्टरबॅक टोकाच्या माणसाला चुकवून पुढं सरकला तर आगीतून फुफाट्यात. शिवाय फेकायला पुढचा पाय टाकावा लागतो, अंगाचं वजन पुढं न्यावं लागतं. पायासमोर १३० किलोचा माणूस येऊन पडला की हाताची ताकद कितीही असो, चेंडू तरंगतो. उंच हात वर आले तर दिसायचंही बंद होतं.

एकच डाव बघा. ५६वा सुपर बोल (लीगचा अंतिम सामना), फेब्रुवारी २०२२, लॉस एंजेलिस रॅम्स विरुद्ध सिनसिनाटी बेंगल्स. रॅम्स २३-२० नं पुढं, एक मिनिटापेक्षा कमी वेळ उरलेला. बेंगल्सना हवा होता फक्त एक यार्ड. तिसऱ्या डाउनला त्यांनी समाजे पेराइनकडं चेंडू देऊन मधून धाव काढायचा प्रयत्न केला. रॅम्सचा टॅकल ॲरन डोनाल्ड, त्यानं त्याला जागच्या जागी धरलं. चौथा डाउन, पुन्हा एक यार्ड. डोनाल्ड गार्ड क्विंटन स्पेनच्या खांद्यावरून आत शिरला आणि क्वार्टरबॅक जो बरोला कमरेला धरून गरगर फिरवला. बरोनं पडता पडता चेंडू कसाबसा भिरकावला, तो जमिनीवर पडला, आणि सामना संपल्यात जमा. आता गंमत बघा: त्याच डावात दूर बेंगल्सचा चेंडू झेलणारा जमार चेज, त्यानं रॅम्सच्या जेलन रॅम्झीला मागे टाकलं होतं आणि तो मोकळा पळत होता. बरोला आणखी एखादा सेकंद मिळता तर निकाल फिरला असता. रॅम्झी हा त्या काळातला लीगमधला सर्वांत नावाजलेल्या कॉर्नरबॅकपैकी (चेंडू झेलणाऱ्यांना राखणारा बचावपटू) एक. त्याची चूक झाकली मधल्या टॅकलनं.

आपल्याकडं तेव्हा सोमवारची सकाळ होती, साडेआठ वाजून गेलेले, आणि माझी नऊची मीटिंग होती. त्या मीटिंगमध्ये काय झालं ते आजही मला सांगता येणार नाही.

एकावर दोघं लावले की संपलं की! मग एवढ्या महागड्या पाळीचा फायदा काय?

एकावर दोघं लावले म्हणजेच फायदा सुरू झाला. बोटांवर मोजा. अडवणारे पाच. चाल करून येणारे चार. म्हणजे अडवणाऱ्यांकडं जादा माणूस एकच. तो टॅकलवर खर्च झाला की उरलेल्या तिघांना एकास एक भिडायला मिळतं. दोन्ही एज रशरना मदतीविना सापडलेला प्रतिस्पर्धी म्हणजे आयतं ताट. हे टाळायला एखादा धावपटू किंवा टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही) मागे थांबवला, तर चेंडू झेलायला एक माणूस कमी. एका बाजूचं पांघरूण ओढलं की दुसरीकडचे पाय उघडे.

दुसरीकडं, चौघांतच दबाव येत असेल तर बचावाचे सात जण मागे राखणीला उभे राहू शकतात. दबाव आणण्यासाठी पाचवा-सहावा माणूस पाठवणं म्हणजे ब्लिट्झ, आणि ब्लिट्झ म्हणजे उसनवारी: पुढं माणूस पाठवला की मागे भोक पडलंच.

५९व्या सुपर बोलमध्ये, फेब्रुवारी २०२५ मध्ये, फिलाडेल्फिया ईगल्सनं हे गणित फळ्यावर लिहून दाखवल्यासारखं मांडलं. समोर कॅन्सस सिटी चीफ्सचा पॅट्रिक महोम्स. ईगल्सनं अख्ख्या सामन्यात एकदाही ब्लिट्झ केला नाही. तरी महोम्स सहा वेळा पाडला गेला, मध्यंतराला धावफलक २४-० आणि शेवटी ४०-२२. मधल्या फळीत होते जॉर्डन डेव्हिस (२०२२, १३वा क्रमांक) आणि जेलन कार्टर (२०२३, ९वा क्रमांक, त्याच्यासाठी ईगल्सनं दहाव्यावरून एक पायरी वर चढण्याची किंमत मोजली). त्या दिवशी जास्तीत जास्त सॅक (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) घेतले एज रशर जॉश स्वेटनं, अडीच. मधल्याच फळीतल्या मिल्टन विल्यम्सनं दोन. स्वेट चौथ्या फेरीतला, विल्यम्स तिसऱ्या फेरीतला. कार्टरच्या नावावर त्या सामन्यात एकही सॅक नाही. त्याच्याकडं दोघं-दोघं पळत होते, आणि त्याच्या शेजाऱ्यांची चंगळ झाली.

अर्धा सॅक कसा काय?

दोघांनी मिळून क्वार्टरबॅकला पाडलं तर श्रेय अर्धं-अर्धं.

सॅकचे आकडे तर एज रशरचेच मोठे असतात. मग टॅकल का?

आकडे कमी असतात हे खरं. टॅकलनं हंगामात आठ-दहा सॅक घेतले तरी ती मोठी कामगिरी. डोनाल्डचे २०१८ चे २०.५ सॅक म्हणजे वेगळीच गोष्ट. टॅकलकडून एका हंगामात एवढे कुणी घेतलेले नव्हते. वॉरन सॅपनं २००० मध्ये १६.५ घेतले होते. कॅन्सस सिटीच्या ख्रिस जोन्सनं दोनदा, २०१८ आणि २०२२ मध्ये, १५.५.

पण सॅक मोजणं म्हणजे विहीर कुणी खणली ते न विचारता पोहरा कुणी ओढला तेवढंच विचारणं. डाव बिघडवला कुणी, घाईनं चेंडू फेकायला लावला कुणी, दोन माणसं गुंतवली कुणी, हे त्या एका आकड्यात येत नाही.

धावत्या खेळाविरुद्ध त्याचा उपयोग?

खूप, फक्त श्रेय दुसऱ्याला जातं. २००० च्या बॉल्टिमोर रेव्हन्सनी १६ सामन्यांत अवघे १६५ गुण दिले. १६ सामन्यांच्या हंगामातला तो विक्रम आहे. त्या संघाचं नाव काढलं की सगळ्यांना आठवतो लाइनबॅकर (पुढच्या फळीच्या मागे उभा राहणारा बचावपटू) रे लुइस, सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. पण त्याच्यासमोर सॅम ॲडम्स आणि टोनी सिरागूसा असे दीडशे किलोचे दोन डोंगर उभे होते. समोरचे गार्ड त्यांच्याशी झुंजण्यातच अडकायचे, लुइसपर्यंत पोचायचेच नाहीत. मोकळा लुइस मग शिकारीला.

आता प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं: ॲडम्स १९९४ चा आठवा क्रमांक होता, पण सिरागूसाला ड्राफ्टमध्ये कुणीही घेतलं नव्हतं. नुसता अडवून धरणारा खांब हवा असेल तर तो उशिरा, स्वस्तात, कधी कधी फुकटातही मिळतो. पहिल्या फेरीची पाळी खांबावर उधळू नका. पाळी त्याच्यासाठी, जो खांबही आहे आणि घुसतोही.

बाजारातून तयार टॅकल विकत का घेऊ नये?

घेता येतो, पण किंमत ऐका. २०१५ मध्ये मायामीनं एनडामुकोंग सूला सहा वर्षांसाठी ११.४ कोटी डॉलरचा करार दिला. मार्च २०२४ मध्ये चीफ्सनं ख्रिस जोन्सला आपल्याकडंच ठेवण्यासाठी पाच वर्षांचे १५.८७५ कोटी डॉलर मोजले. वर आलेला तिसऱ्या फेरीतला मिल्टन विल्यम्स आठवतो? सुपर बोलनंतर महिन्याभरात न्यू इंग्लंडनं त्याला चार वर्षांचे १०.४ कोटी दिले. आणि २०२५ मध्ये एका संघाची संपूर्ण पगारमर्यादा होती २७.९२ कोटी. ५३ जणांच्या संघात एकानं केवढा मोठा घास घेतला ते बघा.

शिवाय बाजारात येतो तो बहुधा सत्ताविशी-अठ्ठाविशी गाठलेला, आणि कधी कधी भूक भागलेला. वॉशिंग्टननं २००९ मध्ये ॲल्बर्ट हेन्सवर्थला सात वर्षांसाठी १० कोटी डॉलर देऊ केले. पुढच्याच वर्षी तो तंदुरुस्तीच्या चाचणीतच अडकला आणि २०११ मध्ये त्याला दुसऱ्या संघाकडं धाडावं लागलं.

नवख्याचं गणित २०११ पासून फार सोपं झालंय. त्याआधी वरच्या क्रमांकाचे नवखे खेळाडू अवाच्या सवा मागायचे; २०१० चा पहिला क्रमांक सॅम ब्रॅडफर्ड सहा वर्षांचे ७.८ कोटी डॉलरपर्यंत घेऊन गेला. मग लीगनं नवख्यांचे पगार क्रमांकानुसार बांधून टाकले. २०११ चा पहिला क्रमांक कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २.२ कोटी मिळाले. करार चार वर्षांचा, पहिल्या फेरीतल्याला पाचवं वर्ष वाढवायचा हक्क संघाकडं. २०१४ ला तेराव्या क्रमांकावर आलेल्या डोनाल्डचा पहिला करार चार वर्षांचा साधारण १ कोटी डॉलरचा होता. पहिल्याच वर्षी तो सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला आणि २०१७ ला लीगचा सर्वोत्तम बचावपटू. २०१८ मध्ये त्याचा भाव सहा वर्षांच्या १३.५ कोटींवर गेला, पण तोवर रॅम्सनी चार हंगाम सोनं पितळेच्या भावात वापरलं होतं.

ख्रिस जोन्स स्वतःच दुसऱ्या फेरीतला ना? मग पहिली फेरी कशाला?

हा माझ्या बाजूवरचा सगळ्यात जोरकस वार आहे, आणि तो चुकवण्यात अर्थ नाही. जोन्स २०१६ चा ३७वा क्रमांक. सिनसिनाटीचा जिनो ॲटकिन्स २०१० च्या चौथ्या फेरीतला, १२०वा, आणि त्याच ड्राफ्टमध्ये दुसरा सू आणि तिसरा जेरल्ड मकॉय. तिघांची कारकीर्द शेजारी ठेवली तर ॲटकिन्सला कुणी कमी म्हणणार नाही. मिनेसोटाचा जॉन रँडल तर कुणी निवडलाच नव्हता, १३७.५ सॅक घेऊन तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. खुद्द रॅम्सनी डोनाल्डच्या शेवटच्या वर्षी कोबी टर्नर तिसऱ्या फेरीत उचलला आणि पहिल्याच हंगामात त्यानं नऊ सॅक काढले.

माझं म्हणणं एवढंच: ही नावं आपल्याला आठवतात कारण ती अपवाद आहेत. चौथ्या फेरीत घेतलेल्या आणि दोन वर्षांत घरी गेलेल्या टॅकलची नावं कुणी पाठ करत नाही. टोकाकडून पळणारी ११५ किलोची पोरं दरवर्षी बरीच निघतात. १३५ किलो वजन, पहिलं पाऊल मांजरासारखं आणि हात लोहाराचे, असं पोरगं काही वर्षं एकसुद्धा निघत नाही. ते दिसलं असताना ‘बघू पुढच्या फेरीत’ म्हणणाऱ्याला मग पुढच्या फेरीत फक्त खांब मिळतात.

लवकर घेऊन तोंड पोळलेले संघ?

आहेत, आणि एकाच वर्षात हा विषय शिकायचा असेल तर २००३ घ्या.

न्यूयॉर्क जेट्सनी दोन पहिल्या फेरीच्या पाळ्या आणि वर आणखी एक देऊन चौथा क्रमांक मिळवला, घेतला ड्वेन रॉबर्टसन. बरा निघाला, पण दोन पाळ्यांच्या तोलाचा कधीच नाही. न्यू ऑर्लीन्स सेंट्सनीही दोन पहिल्या फेरीच्या पाळ्या मोजून सहावा क्रमांक गाठला आणि जॉनथन सुलिव्हनला घेतलं. तो तिथं तीन हंगाम टिकला, बस्स.

आणि मिनेसोटा व्हायकिंग्ज? त्यांचा होता सातवा क्रमांक. पाळी बदलायची बोलणी करता करता त्यांची वेळच संपली. घड्याळ शून्यावर आलं, मागच्या दोन संघांनी संधी साधून आपापली नावं पुढं केली, आणि व्हायकिंग्जना नववं निवडावं लागलं. सगळीकडं हसं झालं. त्यांनी घेतलेला टॅकल केव्हिन विल्यम्स पुढं पाच वेळा लीगच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. त्या वर्षीच्या तिघांपैकी तोच खरा हुकमी, आणि तो मिळाला घड्याळ चुकवणाऱ्यांना.

यातून कळतं ते हे की ‘टॅकल हवाच’ म्हणून वर चढत जाणं वेगळं आणि समोर आलेला हुकमी टॅकल घेणं वेगळं. गरज पाहून घेतला की माणूस आहे त्यापेक्षा मोठा दिसायला लागतो.

पहिल्या क्रमांकावरच घ्यावा का?

शक्यतो नाही. तिथं क्वार्टरबॅक असेल तर क्वार्टरबॅकच घ्या. मधल्या फळीतला टॅकल पहिल्या क्रमांकावर जाण्याची शेवटची वेळ १९९४ ची, सिनसिनाटीचा डॅन विल्किन्सन. दीर्घकाळ खेळला, पण पहिल्या क्रमांकाच्या अपेक्षा पुऱ्या झाल्या नाहीत. त्याआधी १९९१ ला डॅलसनं रसेल मेरीलँड घेतला. त्याला तीन सुपर बोल मिळाले, पण त्या संघात त्याच्याहून मोठी नावं चिक्कार होती.

हुकमी टॅकल ओळखायचा कसा?

उंची-वजनाच्या तक्त्यावरून तर अजिबात नाही. २०१४ च्या ड्राफ्टआधी डोनाल्डनं पिट्सबर्ग विद्यापीठाकडून एका हंगामात ११ सॅक आणि २८.५ वेळा चेंडूवाल्याला मागच्या मागे पाडलं होतं. बचावपटूंना मिळणारे मोठे पुरस्कार त्यानं घरी नेले. चाळीस यार्ड ४.६८ सेकंदांत पळाला. तरी आक्षेप एकच: सहा फूट एक इंच, १३० किलोच्या आसपास, मधल्या फळीसाठी लहान. बारा जण आधी गेले. सगळ्यात मजेदार म्हणजे रॅम्सकडं त्या वर्षी दुसरा क्रमांकही होता. तिथं त्यांनी ग्रेग रॉबिन्सन नावाचा भला थोरला ऑफेन्सिव्ह टॅकल घेतला, आणि तीन हंगामांनंतर त्याला जाऊ दिलं. डोनाल्ड तेराव्यापर्यंत उरला हे रॅम्सचं नशीब, अक्कल त्यात निम्मीच.

तालमीत वस्ताद नव्या पोराला पहिली गोष्ट सांगतात ती कंबर खाली ठेवायची. इथंही तेच. ज्याचे खांदे समोरच्याच्या खांद्यांखाली शिरले, त्यानं समोरच्याला उचललं. बुटकेपणा हा डोनाल्डचा फायदा होता, दोष नव्हे. मी जुने व्हिडिओ बघताना चार गोष्टी तपासतो. स्नॅपबरोबर पहिलं पाऊल कुणाचं आधी पडतं? हात कुठं जातात, छातीवर की हवेत? दोघं अंगावर आले तर पाय मागे घसरतात का? आणि चौथ्या सत्रात, दमल्यावर, पहिल्या सत्रातलाच माणूस दिसतो का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण बरेच जड खेळाडू अर्ध्या डावांनंतर बाकावर जाऊन ऑक्सिजन शोधतात. हातांसाठी म्हणून डोनाल्ड खोट्या सुऱ्या घेतलेल्या प्रशिक्षकाचे वार चुकवत सराव करायचा. घरी करून बघू नका.

मैदानाबाहेरची भानगड असेल तर?

प्रत्येक संघानं आपापलं ठरवावं. सॅप १९९५ मध्ये बाराव्यापर्यंत घसरला आणि कार्टर २०२३ मध्ये नवव्यापर्यंत, दोघांच्याही बाबतीत कारण खेळातलं नव्हतं. दोघांनीही आपल्या संघाला सुपर बोल मिळवून द्यायला हातभार लावला. तेवढ्यावरून नियम बनवणार नाही.

एकटा टॅकल संघ बदलतो का?

लगेच नाही. सिएटलचा कॉर्टेझ केनेडी १९९० चा तिसरा क्रमांक. १९९२ मध्ये त्यानं १४ सॅक घेतले, लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला, आणि त्याचा संघ १६ पैकी फक्त दोन सामने जिंकला. त्या संघाला गुणच करता येत नव्हते. चेंडू थांबवता येतो, पण टॅकल काही तुमचे गुण करून देत नाही.

उलट पिट्सबर्ग स्टीलर्स. १९६९ मध्ये नवा प्रशिक्षक चक नॉल आला आणि त्यानं पहिलीच निवड केली चौथ्या क्रमांकावर, नॉर्थ टेक्सासचा जो ग्रीन. शहरात कुणाला माहीतही नव्हता. त्या हंगामात संघ १४ पैकी एकच सामना जिंकला. पुढच्या वर्षी क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉ आला, मग एकेक जण भरत गेला, आणि १९७४ ते १९७९ या सहा हंगामांत चार सुपर बोल. पाया मात्र ग्रीनचाच. मधली जागा भरली की शेजारच्या जागांना थोडे कमी महागडे लोक चालतात, हा त्याचा खरा फायदा.

(विषय निघालाच आहे म्हणून: मिनेसोटाचा ॲलन पेज, १९६७ चा १५वा क्रमांक, १९७१ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, बचावपटूला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. नंतर कायदा शिकून तो मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाला. टॅकल म्हणजे नुसतं वजन, असं म्हणणाऱ्यांसाठी.)

एज रशरलाच मध्ये उभा केला तर?

तिसऱ्या डाउनला चालतं. न्यूयॉर्क जायंट्सनी ४२व्या सुपर बोलमध्ये जस्टिन टकला आत सरकवून टॉम ब्रेडीला हैराण केलं आणि तोवर अपराजित असलेल्या न्यू इंग्लंडला १७-१४ नं हरवलं. पण पहिल्या-दुसऱ्या डाउनला, धाव अंगावर येत असताना, हलका गडी मध्ये उभा केला की समोरचे गार्ड त्याला लोळवतात. ही सोय झाली, उपाय नव्हे.

सामना बघताना टॅकलकडं बघायचं कसं?

आपल्याकडं रविवारचे पहिले सामने रात्री साडेदहाला लागतात, अमेरिकेत घड्याळं मागे केल्यावर साडेअकराला. सुपर बोल सोमवारी पहाटे पाचला. एकदा आई पहाटे चहा ठेवायला उठली, माझ्या शेजारी पाच मिनिटं बसली आणि म्हणाली, “अरे, बॉल कुठंय? मला तर नुसती ढकलाढकली दिसतेय.”

तिला म्हटलं, बॉल सोडून दे, ती ढकलाढकलीच बघ. स्नॅपच्या आधी मधल्या तिघांवर नजर ठेवायची: सेंटर आणि दोन गार्ड. स्नॅप झाला की सेंटर कुठल्या बाजूला मदतीला वळतो ते बघायचं. ज्याच्याकडं तो दर वेळी वळतो, त्याला समोरचा संघ घाबरतो. तिनं आणखी तीन-चार डाव पाहिले. मग कप उचलून आत जाता जाता म्हणाली, “तो नव्व्याण्णव नंबरवाला. त्याच्याकडंच जातायत सगळे.”

डोनाल्डचा नंबर ९९च होता.